पाय दाबला की थरथर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वेग वाढवताना थरथरणाऱ्या गाड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली असली, तरी लक्षणांचे वर्णन वाचकांच्याच शब्दांत ठेवले आहे. या विषयात निम्मे निदान त्या वर्णनातच दडलेले असते.

प्रश्न : माझी गाडी पेट्रोलची, मॅन्युअल गिअरची असून इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. आतापर्यंत ती सुमारे ९० हजार किलोमीटर चालली आहे. ताशी ५० ते ७० किलोमीटरच्या दरम्यान ॲक्सिलरेटर दाबला की सगळी गाडी डावीउजवीकडे थरथरते आणि पाय उचलला की त्याच क्षणी शांत होते. चाकांचे बॅलन्सिंग दोनदा झाले, अलाइनमेंट झाले, प्लगही बदलले, पण काडीचाही फरक पडला नाही. आता पुढचे दोन्ही टायर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. बदलावेत का?

उत्तर : या तक्रारीसाठी तरी टायर बदलू नका. तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर आहे की नाही, याची चाकाला खबर नसते. चाकाचे वजन एका बाजूला जास्त असेल, रिम वाकलेली असेल किंवा टायरला फुगवटा आला असेल, तर ठरावीक वेगाला गाडी थरथरणारच; मग पाय दाबलेला असो वा उचललेला. बॅलन्सिंगचा दोष बहुधा ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंगमध्ये जाणवतो आणि पाय काढल्यावर एका क्षणात नाहीसा होत नाही. तुमची थरथर मात्र लगेच नाहीशी होते.

अशा वेळी मी सुटे भाग मोजत बसण्यापूर्वी एकच गोष्ट पाहतो : थरथर कशाच्या मागे धावते? तिच्यापुढे तीनच वाटा असतात. ती चाकाच्या वेगाबरोबर बदलते, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलते, किंवा इंजिनावर पडणाऱ्या भाराबरोबर येते आणि जाते. हे ठरवायला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे यंत्र, लागत नाही. मोकळा, सपाट, सरळ रस्ता आणि शेजारी बसून टिपण करणारा एक माणूस पुरतो. ज्या वेगाला त्रास होतो तो वेग आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये धरून पाहा. वेग तोच राहतो, इंजिनाच्या फेऱ्या मात्र बदलतात. थरथर दोन्ही गिअरमध्ये त्याच वेगाला आली, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे, म्हणजे ॲक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा) किंवा चाकांकडे आहे. गिअरबरोबर तिची जागा बदलली, तर इंजिनाकडे पाहावे. नंतर गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये इंजिन ३००० फेऱ्यांपर्यंत हळूहळू वर न्या. तेथेही हादरे बसत असतील, तर ॲक्सल आणि चाके संशयातून बाहेर पडतात, कारण ती त्या वेळी फिरतच नसतात. शेवटी त्याच वेगाला एकदा चढावर आणि एकदा उतारावर गाडी चालवून पाहा; थरथर चढावर वाढली आणि उतारावर गेली, तर ती भाराची.

तुमच्या वर्णनावरून थरथर चाकाच्या वेगाशी बांधलेली आहे आणि भाराशीही. पुढची चाके चालवणाऱ्या गाडीत या दोन्ही अटी एकत्र पुऱ्या करणारा नेहमीचा संशयित म्हणजे ॲक्सलचा आतला, गिअरबॉक्सकडचा सीव्ही जॉइंट, म्हणजे ॲक्सल कोनात असतानाही ताकद पुढे पोचवणारा सांधा. बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट खराब झाला तर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना तो ‘कट्‌कट्’ असा आवाज करून स्वतःच चुगली करतो. आतला मात्र सहसा आवाज करत नाही, नुसता हलवतो, आणि त्यामुळेच तो बरेच दिवस सापडत नाही.

त्याची रचना समजली की लक्षणाचा उलगडा होतो. बहुतेक गाड्यांत आतला जॉइंट तीन रोलरचा असतो. ॲक्सलच्या टोकावर तीन बोटांसारखे खुंट, प्रत्येक खुंटावर एक रोलर, आणि हे तीन रोलर एका पेल्यासारख्या घराच्या तीन लांबट खाचांत बसलेले. चाक खड्ड्यात वरखाली होते तेव्हा ॲक्सलची लांबी बदलावी लागते, म्हणून रोलर या खाचांत मागेपुढे सरकतात. ॲक्सल थोड्या कोनात असल्याने प्रत्येक फेरीतही त्यांची ये-जा चालूच असते. खाच गुळगुळीत असेपर्यंत ही ये-जा जाणवत नाही. खाचेत रोलरने घर केले, की भार पडल्यावर रोलर त्या खळग्याच्या काठाशी अडतो, सुटतो, पुन्हा अडतो, आणि प्रत्येक अडखळीला ॲक्सल लांबीच्या दिशेने, म्हणजे गाडीच्या आडव्या दिशेने ढकलला जातो. गाडी वरखाली न होता डावीउजवीकडे का थरथरते, याचे उत्तर हेच. पाय उचलला की भार गेला, अडखळ गेली, थरथर गेली. जोरात वेग घेताना गाडीचे नाक उचलले जाते, ॲक्सलचा कोन वाढतो आणि हादरेही वाढतात.

हिशेबही जुळतो. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण साडेआठ फेऱ्या घेते. प्रत्येक फेरीला तीन रोलरचे तीन धक्के धरले, तर सेकंदाला पंचवीसेक हादरे होतात. नुसत्या चाकाच्या दोषाचे धक्के सेकंदाला साडेआठच, म्हणजे बरेच संथ असतात. अनुभवी मेकॅनिक हा फरक बसल्या जागी ओळखतो. आकडे त्याला ठाऊक नसले तरी अंगाला ठाऊक असतात.

तपासणीत एक चूक हमखास होते. गाडी जॅकवर घेऊन ॲक्सल हाताने हलवला जातो, जॉइंटवरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेला नाही असे दिसते आणि ‘प्ले (ढिलेपणा) नाही, जॉइंट चांगला आहे’ असा निर्वाळा मिळतो. बूट शाबूत असूनही आतल्या खाचा झिजलेल्या असू शकतात, आणि लोंबत्या चाकाच्या अवस्थेत रोलर नेहमीच्या जागेवर नसतोच. खात्री करायची असेल तर बूटची क्लिप काढून पेला मोकळा करावा, ग्रीस चिंधीने पूर्ण पुसावे आणि खाचेच्या भिंतीवरून बोटाचे नख लांबीच्या दिशेने फिरवावे. चांगल्या खाचेत नख सरळ घसरत जाते. झिजलेल्या खाचेत ते मधेच एका जागी खाली उतरते आणि पुढच्या काठाला अडकते. प्रकाशात तेथे आरशासारखा चकचकीत ठसा दिसतो, आजूबाजूला मात्र मूळचा मंद राखाडी रंग असतो. नखाला पायरी लागली की आणखी पुराव्याची गरज नाही.

दुरुस्ती म्हणजे आतला जॉइंट किंवा पूर्ण ॲक्सल बदलणे. नुसते नवे ग्रीस भरल्याने काही दिवस आराम पडतो, पण खाच भरून येत नाही. जॉइंट बदलताना पाकिटातून आलेले ग्रीसच वापरावे आणि ते सगळे वापरावे. ॲक्सल गिअरबॉक्समधून काढताना शाफ्टला धरून ओढू नये, नाहीतर जॉइंट आतल्या आत सुटतो; पेल्याच्या मागे पट्टी घालून तो उचकावा. ऑइल सील पाहून घ्यावे, सांडलेले गिअर ऑइल पुन्हा ठरलेल्या पातळीपर्यंत भरावे. हबचा नट नवा वापरून टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळावा, आणि ॲक्सल काढलेला असताना गाडी चाकांवर उतरवून ढकलू नये. त्याने चाकाचे बेअरिंग खराब होऊ शकते.

नवा ॲक्सल घालण्यापूर्वी इंजिनाची फाउंडेशन रबरे, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकलेले असते ती रबरे, जरूर पाहा. एखादे रबर बसले असेल तर इंजिन एका बाजूला कलते, ॲक्सलचा कोन बिघडतो आणि नव्या जॉइंटलाही तोच रोग लवकर जडतो.

प्रश्न : चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी झटके देते, जणू कोणी मागून धरून सोडते आहे. सपाटीवर आरामात चालते. दोन वेळा इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकला आणि नंतर विझला. मेकॅनिक म्हणतो, पेट्रोलमध्ये भेसळ असेल, टाकी संपू द्या.

उत्तर : टाकी संपण्याची वाट पाहू नका. पिवळा दिवा स्थिर पेटणे आणि लुकलुकणे यांत मोठा फरक आहे. लुकलुकणारा दिवा सांगतो की एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच पुढे जात आहे, म्हणजे आपल्या बोलीत गाडी ‘मिसिंग मारते’ आहे. ते न जळलेले पेट्रोल धुराड्याच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तेथील तापमान भलतेच वाढते आणि आतली जाळी वितळू शकते. प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या छोट्याशा कॉइलकडे केलेले दुर्लक्ष मग सबंध कन्व्हर्टरवर बेतते. दिवा लुकलुकत असेल तेव्हा पाय हलका करावा, आणि लुकलुक थांबत नसेल तर गाडी उभी करावी.

त्रास चढावरच का, याचे कारण ठिणगीच्या स्वभावात आहे. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जास्त उघडला की सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंडली जाते, आणि दाब जितका अधिक तितके प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागते. प्लगची फट गाडीनुसार साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. टोके झिजून ती वाढली की ही मागणी आणखी चढते. सपाटीवर थकलेली कॉइल कशीबशी निभावून नेते आणि चढावर तिचा दम सुटतो. तेव्हा वीज फटीतून न जाता सोपी वाट शोधते, बहुधा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरून खाली. प्लग काढल्यावर त्या पांढऱ्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक, उभी, काळी रेघ दिसली, तर वीज तेथून पळते आहे असे समजावे. ती पुसून प्लग परत लावण्यात अर्थ नाही, आणि नवा प्लग लावताना कॉइलची रबरी नळीही बदलावी, कारण रेघेची जोडीदार तिच्या आतल्या बाजूस असते. गॅसवर चालणाऱ्या गाडीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे तेथे हा दोष आधी गॅसवर आणि बऱ्याच उशिरा पेट्रोलवर दिसतो.

स्कॅनर लावून कोड वाचा. पी ०३०१ ते पी ०३०४ या कोडचा शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. समजा पी ०३०२ आला, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा आणि त्याच चढावर गाडी न्या. आता पी ०३०३ आला तर कॉइल दोषी. पुन्हा पी ०३०२ च आला तर कॉइल निर्दोष आहे. मग त्याच पद्धतीने प्लगची अदलाबदल करा, आणि तोही निर्दोष सुटला तर इंजेक्टर व शेवटी कॉम्प्रेशन तपासा. अदलाबदलीची ही चाचणी मला सगळ्या यंत्रांपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात काहीही विकत घ्यावे लागत नाही.

पी ०३०० हा कोड मात्र कोणत्याही एका सिलिंडरकडे बोट दाखवत नाही. त्याच्या सोबतीला इंधन कमी पडत असल्याचे सांगणारा पी ०१७१ असेल, तर चारही कॉइल बदलण्यापूर्वी इंधनाचा दाब भार असताना मोजावा. चोंदलेला फिल्टर किंवा थकलेला पंप उभ्या गाडीत दाब बरोबर दाखवतो आणि मागणी वाढली की उघडा पडतो. हवा मोजणारा सेन्सर मळलेला असेल तरी असेच होते. उलट, इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाला, भेग पडून बाहेरची हवा शिरत असेल तर त्रास आयडलिंगला जास्त आणि वेगात कमी जाणवतो, म्हणून तुमच्या बाबतीत तो संशय मी मागे ठेवतो. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतात. तेथे हीच लक्षणे असतील तर आधी डिझेल फिल्टर, मग टर्बोकडून येणारी हवेची नळी आणि त्यानंतर इंजेक्टर पाहावेत.

भेसळीचे म्हणाल, तर ती सगळ्या सिलिंडरना सारखीच बाधते. एकाच सिलिंडरचा कोड आला, तर तुमच्या मेकॅनिकचा तर्क तेथेच गळून पडतो.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी ताशी ६५ ते ७५ च्या दरम्यान, हलका पाय असताना, एक-दोन सेकंद घरघरते. रस्त्यावर आखलेल्या जाड पट्ट्यांवरून गेल्यासारखे वाटते. जोरात पाय दाबला तर मात्र काही होत नाही.

उत्तर : ‘जोरात दाबला तर काही होत नाही’ हे वाक्य लिहून तुम्ही माझे काम हलके केले आहे. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा भाग, असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये स्थिर वेगाला आतला लॉक-अप क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडतो. ऑइल जुने झाले किंवा त्या क्लचचे अस्तर झिजले, की तो नीट धरत नाही. धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. जोरात पाय दाबला की लॉक सुटतो, म्हणून घरघर थांबते.

घरघर चालू असताना उजवा पाय स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला, केवळ ब्रेकचा दिवा लागेल इतकाच, स्पर्श करा. मागे वाहन नसताना अर्थात. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा संकेत मिळताच लॉक उघडतो आणि घरघर नाहीशी होते. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नका. लॉक उघडला की इंजिनाच्या फेऱ्या वाढतात आणि मधे तेलाची उशी येते, त्यामुळे हलके मिसिंगही त्याच क्षणी झाकले जाते. म्हणून आधी स्कॅनरवर मिसिंगची मोजणी पाहावी. ती कोरी असेल तरच गिअरबॉक्सकडे वळावे.

पहिला उपाय ऑइल बदलण्याचा, आणि तेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचेच. खालचा बोल्ट काढल्यावर सगळे ऑइल येत नाही, बराच भाग कन्व्हर्टरमध्येच राहतो. त्यामुळे थोडी गाडी चालवून दोन-तीन वेळा बदल करावा लागतो. लवकर केले तर पुष्कळदा एवढ्यावर भागते. ऑइल काळे पडून जळका वास येत असेल, तर कन्व्हर्टर बदलण्याची मानसिक तयारी ठेवा.

प्रश्न : गाडी जागेवरून पहिल्या गिअरमध्ये काढताना आणि रिव्हर्स घेताना धडधडते. एकदा निघाली की काही नाही. क्लच प्लेट बदलावी का?

उत्तर : शक्यता क्लचची आहे, पण खात्री नाही. मी माझ्या गाडीत नेमक्या याच लक्षणावरून पूर्ण क्लच बदलून घेतला आणि संध्याकाळी गाडी तितकीच धडधडत घरी आणली. दोष इंजिनाला खालून धरून ठेवणाऱ्या टॉर्क रॉडच्या फाटलेल्या रबरात होता. वर्कशॉपने सांगितले तेच काम केले होते; ‘क्लच बदला’ हे मीच ठरवून गेलो होतो.

म्हणून आधी फाउंडेशन पाहा. बॉनेट उघडा ठेवून, हँडब्रेक आणि फूटब्रेक घट्ट धरून, एकाने पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती उचलले जाते ते पाहायचे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये. इंजिन थोडे हलणारच. पण ते धाडकन उचलून आपटत असेल, तर रबर गेले आहे.

रबरे ठीक असतील तर क्लच. दमट रात्रीनंतर सकाळी पहिल्या दोन-चार वेळाच धडधड होत असेल, तर फ्लायव्हीलवर धरलेल्या हलक्या गंजाचा तो प्रताप असतो. तो आपोआप जातो. गाडी गरम झाल्यावर वाढत असेल तर क्लच उघडणे भाग आहे. उघडल्यावर प्लेटवर ऑइलचे डाग दिसले, तर क्रँकशाफ्टचे मागचे सील बदलल्याशिवाय नवी प्लेट बसवू नये. तीही काही दिवसांत भिजेल. फ्लायव्हीलवर निळसर चट्टे असतील तर ते भाग अतितापाने कडक झालेले असतात आणि नव्या प्लेटलाही तेथे एकसारखी पकड मिळत नाही. साधे फ्लायव्हील मशिनवर घासून घेता येते. दोन वस्तुमानांचे, आत स्प्रिंग असलेले फ्लायव्हील मात्र बहुधा बदलावेच लागते. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलावे. एक वाचवून तीच मजुरी पुन्हा देण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : माझ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा क्लच नुकताच बदलला. काम झाल्यापासून वेग घेताना मजल्याखालून घोंघावल्यासारखी थरथर येते. पूर्वी ती नव्हती. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस (टोकांचे कोनात वळणारे सांधे) नवे आहेत.

उत्तर : दुरुस्तीनंतर लगेच सुरू झालेल्या दोषाचे मूळ त्या दुरुस्तीतच शोधावे. क्लचसाठी शाफ्ट उतरवावा लागतो, आणि तो परत बसवताना मधल्या दातेरी जोडावर एखादा दात इकडेतिकडे झाला की अशी थरथर येते. एका क्रॉसने कोनात फिरवलेला शाफ्ट एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसरा क्रॉस ही चूक बरोबर उलटी करून रद्द करतो, पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत असावे लागतात.

गाडी स्टँडवर घेऊन, चाकांना अडसर लावून खाली वाका आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेने पाहा. दोन्ही काटे एकाच पातळीत दिसले पाहिजेत. तसे दिसत नसतील तर जोड ओढून बाहेर काढावा, काटे जुळवून पुन्हा बसवावा आणि दोन्ही भागांवर खडूने नव्हे तर पंचने खूण करावी. काटे जुळलेले असतील, तर शाफ्ट मागच्या फ्लँजवर जुन्याच भोकांवर बसला आहे का आणि मधल्या बेअरिंगचे रबर काढघालीत फाटले नाही ना, हे पाहा. शाफ्टवर जोडलेला पत्र्याचा छोटा तुकडा कोणी ‘कचरा’ समजून उडवला असेल तर तेही सांगा. बॅलन्सिंगचे वजन तेच होते, आणि मग शाफ्ट मशिनवर पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागेल.